काजळाचा ठिपका लावलेला डबा

लेगियम शिजवताना चाखायचं नसतं. तंजावूरच्या आमच्या मराठी घरांतही बाळंतिणीच्या काळ्या औषधाला तमिळ लोकांसारखं लेगियमच म्हणतात. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, जिरे कुटून ताडाच्या गुळात आटवायचं, वरून तिळाचं तेल आणि तूप सोडत राहायचं, कडेनं तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. आत्यानं मला शिकवलं तेव्हा पहिलंच सांगितलं, "नाकानं बघ, बोटानं बघ, जिभेनं बघू नको गे. पहिली जीभ बाळंतिणीची. दुसऱ्या कोणाची लागली तर तिचं दूध आटतं."

मी ते मानत होते का, ठाऊक नाही. पण माझी अक्का, थोरली बहीण, बाळंतपणातच गेली. तिची मुलगी आमच्या घरी राहिली आणि आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी आठवीतून शाळा सोडली. त्या वर्षी मी शिकले ते अंगाई, लंगोट आणि पेज. ज्या घरातून एक बाळंतीण गेलेली असते त्या घरात कोणी अशा गोष्टींची परीक्षा घेत नाही. गल्लीत किती जणींना मी लेगियम करून दिलं, पण त्याची चव मला माहीत नव्हती. तोंड वाकडं करणाऱ्या पोरींना मी सांगायची, "काही होत नाही, गिळ."

ती मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न करून मलेशियाला गेली. तिला दिवस गेले तेव्हा फोनवर एकच म्हणाली, "मावशी, तू ये." माझं तिकीट ज्या दिवसाचं काढलेलं होतं त्याच्या आधीच ती मोकळी झाली. मुलगा. जावयाला कारखान्यात पाळ्या, घरात दुसरं कोणी नाही. शेजारची एक चिनी बाई दिवसातून एकदा डोकावून जाते म्हणे.

मी त्याआधी तिरुचीच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते. भाऊ म्हणाला, "इंग्लिश येत नाही, मलाय येत नाही, आणि चालली परदेशाला! हरवलीस तर नुसतं तंजावूर म्हण, पार्सलनं पाठवून देतील."

"तुझ्या नावानं पाठवायला सांगते," मी म्हटलं. पण हसू काही आलं नाही.

कीळवासलच्या झाडपाल्याच्या दुकानातून मी सामान आणलं आणि लेगियम केलं. एव्हरसिल्वरच्या डब्यात, म्हणजे आमच्या साध्या स्टीलच्या डब्यात, भरलं. झाकणाच्या फटीला कणीक लावून तोंड बंद केलं, दृष्ट लागू नये म्हणून वर काजळाचा ठिपका दिला. आत्यानं शिकवलं तसंच. वहिनी म्हणाली, "दुकानातली बाटली घेऊन जा की, शिक्का असलेली." मी म्हटलं, माझ्या पोरीला मी दुकानातलं देऊ?

विमानात शेजारी पट्टुकोट्टैचा एक माणूस होता. मलेशियाला जाऊन येऊन केस पांढरे झालेले. मी वरचेवर पायाशी ठेवलेल्या पिशवीला हात लावून बघत होते, ते त्यानं पाहिलं. "काय आहे अम्मा, सोनं?"

"औषध."

त्याचं हसू गेलं. "कसलं? चिठ्ठी आहे डॉक्टरची?"

"घरचं आहे."

"तिथं अमली पदार्थाला फाशी असते, माहीत आहे ना? नसलं तरी आहे म्हणून धरून ठेवतात आधी." एवढं बोलून तो झोपला. मी मात्र उतरेपर्यंत डोळा मिटला नाही. डब्यात काय काय घातलं ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जणू त्यातली एखादी वस्तू माझ्या नकळत दुसरीच काहीतरी झाली असेल.

विमानतळ म्हणजे नुसती काच. लोक चालत नव्हते, जमीनच त्यांना घेऊन जात होती. मी त्यावर पाय ठेवला नाही, कडेनं चालले. पासपोर्टावर शिक्का पडला तेव्हा मला वाटलं, झालं. मग सामानाचं यंत्र आलं. माझी पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला.

एका तरुण पोरानं डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला. "आपा इनी?" बोट डब्याकडे होतं, म्हणजे प्रश्न कळत होता. मी पोटावरून हात फिरवला, बाळ जोजवल्यासारखं केलं. त्यानं मान हलवली आणि झाकणाला हात घातला.

आणि मी माझा हात वर ठेवला. विचार करून नाही. गल्लीतल्या कोणत्याही पोरानं हात घातला असता तरी ठेवला असता. "नको, उघडू नको," मी तमिळमध्ये म्हटलं, जरा जोरात.

त्याचा चेहराच बदलला. तो एक पाऊल मागं सरला आणि खांद्यावरच्या यंत्रात काहीतरी बोलला. रांगेतले लोक माझ्यापासून दूर झाले. तेव्हा कुठं मला कळलं की मी काय केलं. काळं औषध, कणकेनं बंद केलेलं, वर काळा ठिपका, आणि ते उघडू न देणारी एकटी बाई.

मला एका खोलीत नेऊन बसवलं. पासपोर्ट काढून घेतला. बाहेर जावई उभा होता आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती. माझा फोन त्या देशात मुका झाला होता. पिशवीतलं सगळं टेबलावर मांडलं गेलं. लंगोटांसाठी फाडलेल्या जुन्या सुती साड्या, बाळाच्या मनगटात बांधायचे काळ्या दोऱ्यातले वेखंडाचे तुकडे, आवळ्याचं लोणचं. सगळं आपलंच, आणि त्या दिव्याखाली सगळं चोरीचं वाटत होतं.

मग तमिळ बोलणारा एक अधिकारी आला. तमिळ ऐकून मला रडू येणार होतं, पण त्याचा आवाज कोरडा होता. त्याच्यामागं डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक पोक्त बाई आली आणि भिंतीशी हात बांधून उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघून बोलत होते, म्हणजे तीच मोठी.

"अम्मा, हे काय आहे?"

"लेगियम, तंबी. बाळंतिणीचं."

"कोण बाळंतीण?"

"माझी मुलगी."

त्यानं माझा पासपोर्ट उघडून पाहिला. "यात नवऱ्याचं नाव नाही. लग्न झालेलं नाही ना तुमचं?"

"बहिणीची मुलगी."

"आता बहिणीची? मुलगी की बहिणीची मुलगी, एक काय ते सांगा."

"दोन्ही," मी म्हटलं.

"तिची आई का आली नाही?"

"आई नाही. मीच आहे."

त्यानं ते त्या बाईला सांगितलं. हातमोजे घालून त्या पोरानं कणीक खरवडून काढली. काजळाचा ठिपका त्याच्या बोटाला लागला. झाकण निघालं आणि खोलीभर सुंठ आणि तिळाच्या तेलाचा वास पसरला, आमच्या घरचा, तंजावूरच्या माजघरातला. त्यानं काडीनं थोडं औषध काढलं, छोट्या पिशवीत घातलं आणि तपासायला आत नेलं.

"लेबल नाही, चिठ्ठी नाही," तमिळवाला म्हणाला. "औषध आहे म्हणता ना? मग थोडं खा."

"मला खाता येत नाही."

"का?"

"आधी बाळंतिणीनं खायचं असतं. मी अजून चाखलेलं नाही."

"तुम्ही केलंत, आणि चव माहीत नाही?"

"नाही."

"किती वर्षं करता?"

"पुष्कळ."

तो पहिल्यांदा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अम्मा, हे कोण खरं मानेल, तुम्हीच सांगा."

खरं होतं ते. मी त्याच्या जागी असते तर मीही मानलं नसतं. त्या बाईनं डब्यावर वाकून वास घेतला, काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम विचारतात, खायला भीती कसली?"

मी काय सांगणार? माझी अक्का गेली तेव्हा मी दारात उभी होते, हे? हा डबा मी तिच्या मुलीसाठी आणलाय आणि माझी जीभ लागून तिला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू, हे? पण दुसरंही डोळ्यांपुढं होतं. मला इथूनच परत पाठवलं, किंवा ठेवून घेतलं, तर ती कोवळं पोर मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसेल. औषध पवित्र राहील आणि खाणारीजवळ कोणी नसेल.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "भीती तिच्यासाठी आहे. माझ्यासाठी नाही." आणि हात पुढं केला.

त्या बाईनं स्वतः कागदाच्या वेष्टनातला प्लास्टिकचा चमचा फोडून दिला. मी तंजावूरच्या दिशेला, म्हणजे मला वाटली त्या दिशेला, मनात हात जोडले. चमचाभर लेगियम तोंडात घातलं.

देवा! आधी गोड लागलं, मग घसा पेटला. पिंपळी कितीतरी जास्त झाली होती. मी खोकत सुटले, नाकाडोळ्यांतून पाणी. ज्या पोरींना मी "गिळ" म्हणायची त्या सगळ्या एकदम आठवल्या. तो तरुण पोरगा परत येऊन दारात घाबरून उभा. त्या बाईनं पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

त्यानंतर मला तसंच बसवून ठेवलं. मला काही होतंय का, बघत असावेत. आतून कोणीतरी कागद घेऊन आलं, बाईनं तो वाचला, पुन्हा वाचला. मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"जामू," ती म्हणाली. डब्याकडे बोट, मग स्वतःच्या पोटाकडे.

तमिळवाल्याचा आवाज आता मऊ झाला होता. "त्यांच्याकडेही असतं म्हणतात, जामू. त्यांच्या मुलीच्या वेळी त्यांनीही केलं होतं. कागदात काही निघालं नाही. जा तुम्ही. पण अम्मा, पुढच्या वेळी शिक्क्याचं आणा, आणि कोणी उघडायला लागलं तर हात ठेवू नका. हातानंच घात केला तुमचा."

झाकण नीट बसेना, कणीक गेली होती. त्या बाईनं पांढरी चिकटपट्टी घेतली आणि डब्याच्या तोंडाभोवती फिरवून फिरवून लावली. मी हात जोडले. तोंडातून मराठीच निघालं, "बाई, तुझ्या घरी सगळं बरं असो." तिला काय कळलं असेल, तिनं मान हलवली. तिचं नाव मी विचारलं नाही. देवाला दिवा लावताना मी तिला 'चिकटपट्टीची बाई' म्हणूनच आठवते.

जावयाला मी एवढंच सांगितलं की पिशवी यायला उशीर झाला.

पोरगी दारातच उभी होती, पिवळी पडलेली, डोळे खोल गेलेले. बाळ खांद्यावर. मी आधी तिला धरलं, मग बाळाला. त्या दिवशी मी तिला मऊ भात आणि लसणाचं सारू दिलं. डबा ओट्यावर मागं सारून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तिथंच होता.

"मावशी, लेगियम आणलंस ना? मग देत का नाहीस?"

"उष्टं झालं ते." मग सगळंच सांगितलं. ती ऐकत होती, तोंडावर हात ठेवून. विमानतळावर मी कशी खोकले ते सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना, आणि हसता हसता टाक्यांना धरून ती कळवळली.

"तुझं उष्टं गे?" ती म्हणाली. "लहानपणी फुंकून, अर्धं खाऊनच मला घास देत होतीस ना? आता कोठचं नवं आणलंस उष्टं? दे इकडे."

चिकटपट्टी तिनंच सोडली. मी सुपारीएवढी गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं तोंडात टाकली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"मावशी! जळतंय गे!"

"माहीत आहे," मी म्हटलं. पाण्याचा पेला मी आधीच हातात धरून ठेवला होता.