खैरनारांची लाल पाटी

खैरनार घरात शिरले की आधी चपला काढायचे आणि मग पिशवीतून पत्र्याची एक लाल पाटी काढायचे. तळहाताएवढी पाटी, वर तारेचा आकडा. पाटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' ती पाटी कॉम्प्युटरच्या बटणाच्या बोर्डाला अडकवायची आणि मगच खुर्चीत बसायचं. पाटी लागायच्या आधी पाण्याचा पेलासुद्धा घ्यायचे नाहीत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मी म्हटलं, "साहेब, घरात माणसं तीन. कोण येतंय बटण दाबायला?"

"साहेब नाही, ऑपरेटर," ते म्हणाले. "आणि दादा, बटण दाबणारा नेहमी घरातलाच असतो."

हे वाक्य त्या दिवशी माझ्या किती वर्मी लागलं ते मलाच माहीत.

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. तीस वर्षं नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये. तिथं कॉम्प्युटर आले तेव्हा म्हातारे लोक शिकायला नको म्हणाले, यांनी हात वर केला. रिटायर झाल्यावर जेलरोडला आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं आणि आजूबाजूच्या घरांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. ठेंगणी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. डाव्या हाताची दोन बोटं वळायची नाहीत. बोलणं आपल्यासारखं, पण रंगात आले की अहिराणीवर जायचे. कामाचं काही घेत नसत. चहा बिनसाखरेचा, आणि जाताना आमच्या वाफ्यातला एक गुलाब, स्वतःच्या हातानं कापून. तो घरी, वहिनींसाठी. दोन दिले तरी एक परत करायचे. "दुसरा कसाला? ती म्हणेल, काहीतरी लपवताय."

मी इथल्याच दसक गावचा माळी. शाळा तिसरीपर्यंत, पण शेवंती आणि गुलाबात मला शिकवणारा अजून भेटलेला नाही. मुलानं घरात कॉम्प्युटर आणला तेव्हा मी सरळ सांगितलं होतं, हे डबडं घरात नको. कुणी ऐकलं नाही. माझी सून वैशाली त्यावर मराठी टायपिंगची कामं घ्यायला लागली. वकिलांचे कागद, कॉलेजच्या सरांचे प्रबंध. तिचं काम स्वच्छ म्हणून पार नाशिकहून माणसं यायची. मी मात्र येता-जाता डबडंच म्हणायचो.

आता खरं ते लिहितो. दुपारी ती बाहेर गेली की मी त्या डबड्यावर पत्ते खेळायचो. माऊस कसा धरायचा हे तिच्या पाठीमागं उभा राहून शिकलो होतो. कुणाला पत्ता नव्हता.

त्या शनिवारी वैशाली बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी खेळायला बसलो. मागे नेटचं एक पान उघडंच राहिलं होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात रंगीत पत्ते लुकलुकत होते. मी ते दाबले. लगेच लाल चौकट आली, ढालीचं चित्र आलं, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. इंग्रजी मला येत नाही. खाली एक बटण लाल होतं, एक हिरवं. माळ्याला हिरवं बरं वाटलं. ते दाबलं. परत विचारलं, परत हिरवं. तिसऱ्यांदाही. मग पडदाच लाल झाला आणि त्यावर नावांची यादी भराभर पळायला लागली. मी पंखा बंद केला, खुर्ची सरळ केली आणि वाफ्यात जाऊन खुरपत बसलो.

वैशाली दोन वाजता आली. कुठलंही काम उघडायला गेलं की तो लाल चौकोन आडवा यायचा, तुमच्या मशीनला रोग झालाय, पैसे भरा म्हणायचा. आत एका सरांचा प्रबंध होता. अडीचशेच्या आसपास पानं, तीन महिन्यांचं काम, सोमवारी विद्यापीठात जमा करायचा. मुलगा कामावरून जेवायला आला आणि म्हणाला, "तूच काहीतरी दाबलं असशील. दिवसभर तूच असतेस त्याच्यावर." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, हे डबडं घरात नको." वर हेही बोललो. मुलगा परत कामावर गेला, मग तीच मागच्या गल्लीत जाऊन खैरनारांना घेऊन आली.

पाटी लावून झाली. त्यांनी पहिल्यांदा टेलिफोनची वायर उपटली, नेट तिच्यातूनच यायचं. "आधी बाहेरची लाईन तोडायची, मग बोलायचं." मग पडदा नीट बघितला आणि खुदकन हसले. "ताई, हाई बठ्ठं खोटं शे, सगळं खोटं. रोगही खोटा आणि डॉक्टरही खोटा. तीस वर्षं मी कंट्रोल रूमचे भोंगे ऐकले. एकाही भोंग्यानं माझ्याकडं पैसे मागितले नाहीत."

वैशालीच्या जिवात थोडा जीव आला. खैरनारांनी पिशवीतून वही काढली. ही त्यांची दुसरी सवय. कंट्रोल रूममध्ये तासातासाला नोंद करायचे, तशी प्रत्येक घरात करायचे. पेन हातात धरून म्हणाले, "आता क्रम सांगा. चूक कोनी ते माले नको. क्रम पाहिजे. आधी काय झालं, मग काय झालं, किती वाजता."

वैशालीनं सांगितलं. सकाळी मराठी अक्षरं बिघडली होती, म्हणून सरांनी दिलेली अक्षरांची, म्हणजे फॉन्टची, सीडी साडेदहाला पुन्हा टाकली. अकरापर्यंत टायपिंग केलं. स्वयंपाक केला. बारा वाजता बैठकीला गेली, दोनला आली तर हे असं.

"मध्ये कुणी बसलं होतं?"

मी दाराशी शेवंतीच्या काड्या बांधत होतो. ती म्हणाली, "नाही. आबा होते घरात, पण ते त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत."

खैरनारांनी माझ्याकडं बघितलं. मी सुतळीला गाठ मारली.

त्यांनी कसलंसं बटण दाबून कॉम्प्युटर अर्धाच उठवला. पूर्ण जागा केला की हा लबाडही त्याच्याबरोबर उठतो, म्हणाले. तासभर खपून तो शोधला, पुसला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पाच मिनिटं सगळं छान. मग ढाल, भोंगा, लाल पडदा, सगळं परत हजर. पुन्हा पुसला, पुन्हा आला. खैरनारांनी रुमालानं मान पुसली.

"कुठंतरी मूळ राहिलंय. दिवसभरात बाहेरून आत काय आलं? सीडीच आली. मग ती अक्षरंच काढावी लागतील, ताई. आणि ही सीडी परत लावायची नाही."

"अक्षरं काढली तर प्रबंध?"

त्यांनी अक्षरं तात्पुरती बाजूला करून प्रबंध उघडून दाखवला. पानभर इंग्रजी आकडे, ठिपके, कंस, किडे सांडल्यासारखे. एक शब्द वाचता येईना. ती अक्षरं दुसरीकडं मिळत नव्हती, आणि नव्यानं टाइप करायला मध्ये एकच रविवार होता. वैशाली त्या किड्यांकडं बघत राहिली. रडली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो, मी तसा निबर माणूस आहे. पण ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "काढा काका. माझीच चूक असेल. सरांना मी सांगते."

हातातली सुतळी तुटली.

"सीडी नाही," मी म्हटलं. "मी बसलो होतो."

खैरनारांनी पेनाचं टोपण काढलं.

"किती वाजता?"

"साडेबाराला माझी रक्तदाबाची गोळी असते. ती घेतली आणि बसलो."

"बसून काय केलं?"

मी सुनेकडं बघितलं नाही. "पत्ते."

"किती डाव?"

"दोन."

"एका डावाला किती वेळ लागतो?"

"हरलो तर लवकर होतो."

"मग आज?"

"दोन्ही हरलो."

त्यांनी मान न हलवता लिहून घेतलं. "म्हणजे एकच्या आत. मग?"

मग ते लुकलुकणारे पत्ते, लाल चौकट, हिरवं बटण, सगळं सांगितलं. "किती वेळा दाबलं?" म्हणाले. मी तीन म्हणालो. ते वहीत उतरवून त्यांनी खाली रेघ मारली, जशी ते नोंद संपल्यावर मारत. मला वाटलं होतं हसतील, निदान म्हणतील, आधी का नाही बोललात. ते एवढंच म्हणाले, "हा झाला क्रम," आणि खुर्ची पुढं ओढली.

त्यांनी अक्षरं जिथल्या तिथं ठेवली. मशीनमधल्या फायली वेळेप्रमाणे लावल्या आणि साडेबारा ते एकमध्ये जन्मलेल्या तेवढ्याच बघितल्या. दोन एका जागी सापडल्या. तिसरी भलतीकडंच, भल्या नावाखाली लपलेली. "ही बघा, ही मूळ. हिला आपण सकाळी साडेदहाच्या घरात शोधत होतो." तिन्ही पुसल्या. मशीन बंद करून चालू केलं. आम्ही तिघं उभ्यानंच वाट बघत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भोंगा नाही. वैशालीनं प्रबंध उघडला. पहिल्याच पानावर सरांचं नाव स्वच्छ मराठीत.

खैरनारांनी मगच पाटी काढली. चहा प्यायले, गुलाब कापला आणि गेले.

त्यांच्यामागं वैशाली मला म्हणाली, "आबा, नेट बंद करून खेळत जा." बस. त्या रात्री मुलासमोर मी पुन्हा सगळं क्रमानं सांगितलं. माफी मागितली नाही. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची पद्धत आमच्यात नाही, असं मला तेव्हा वाटायचं. पण डबडं हा शब्द सोडला.

पुढं खैरनारांचं माझं चांगलं जमलं. ते संध्याकाळी वाफ्याच्या बांधावर येऊन बसायचे. पाटीवरून त्यांची भांडणंही झालेली होती. एका डॉक्टरांनी घाईत पाटी काढून कॉम्प्युटर चालू केला, तर हे पिशवी उचलून निघून आले. डॉक्टर गाडी घेऊन मागं आले तरी गेले नाहीत. "पाटी लावणाऱ्यानंच काढायची. मोठा साहेब असला तरी त्याचा हात पाटीला लागता कामा नये." मी म्हटलं, तुम्ही माझ्याहून हेकट आहात. "म्हणून तर बसतो तुमच्याजवळ," म्हणाले.

एकदा मी त्या दोन बोटांबद्दल विचारलं. वीजकेंद्रात लागायच्या आधी, तरुणपणी, ते कुठल्याशा कारखान्यात होते. जोडीदारानं चुकून एक खटका ओढला होता आणि भीतीपोटी सांगितलं नव्हतं. यांनी विजेच्या डब्यात हात घातला. "दवाखान्यात तो रडत होता. मी विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, तू रागावशील म्हणून." खैरनार आपल्या बोटांकडं बघत होते. "मी रागीटच होतो, दादा. त्या दिवसापासून रागावणं सोडलं. माणूस रागाला भितो आणि क्रम लपवतो."

त्यांचं शेवटचं येणं सांगतो. वैशालीला नवीन कॉम्प्युटर आला होता आणि जुना माझ्या खोलीत, पत्त्यांसाठी. तो एक दिवस उठेना. खैरनार आले, पाटी लावली, मला क्रम विचारला, वहीत लिहिला, मागचं झाकण उघडून वास घेतला. "वीज देणारा डबा जळालाय. गुरुवारी नवा आणतो. पाटी राहू द्या." चहा घेतला. वाफ्यात गुलाब कापायला वाकले आणि तसेच पायरीवर बसले. घाम फुटला होता. हात छातीवर.

मी म्हटलं, "वहिनींना बोलावतो."

"नको. ॲसिडिटी शे. हिला सांगू नका, उगीच घाबरेल." मी बरं म्हटलं. घोटभर पाणी प्यायले, उठले, गुलाब घेऊन गेले.

बुधवारी पहाटे खैरनार वारले.

पाटी माझ्या खोलीतल्या बोर्डाला लटकत राहिली. मुलगा म्हणाला, मशीन भंगारात देऊ. मी हात लावू दिला नाही. महिना-दीड महिन्यानं वहिनी आल्या. बरोबर खैरनारांची पिशवी. म्हणाल्या, "पाट्या पाच होत्या. चारच सापडल्या." मी त्यांना खोलीत नेऊन दाखवली. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "इथंच आले होते शेवटी. काय काय झालं, सांगा ना भाऊ."

मी चहापर्यंत सांगून थांबणार होतो. खैरनारांना शब्द दिला होता. पण समोर ती लाल पाटी होती, आणि शब्द दिला होता तो क्रम लपवू नये म्हणणाऱ्या माणसाला, तेही आठवत होतं. मी क्रमानं सांगितलं. सव्वाअकराला आले. पाटी लावली. चहा घेतला. वाकले, बसले, घाम आला. छातीला हात. तुम्हाला सांगू नका म्हणाले, आणि मी सांगितलं नाही.

वहिनी रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो.

त्या उठल्या. आकडा सोडवून पाटी हातात घेतली, पदरानं पुसली, पिशवीत बाकीच्या चारांवर ठेवली.

"गुलाब दिला मला," त्या म्हणाल्या. "हे मात्र त्यांनी नाही सांगितलं."