नखाला लागणारं नाव

खुशालभाऊ भांड्यांवर नावं टाकायचा. भंडाऱ्याच्या बाजारात, राजकुमारशेठच्या भांड्याच्या दुकानाबाहेर ओट्यावर बसून. मांडीत पितळी गुंड, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. बाकीच्या दुकानांत मशीन आली होती. मशीनचं नाव दोन-चार वर्षांत पुसट होतं. खुशालभाऊचं नाव नखाला लागायचं.

"पोरी, घासू घासू तुही सासू थकून जाईन," तो नवऱ्या मुलींना सांगायचा, "पण हे नाव नाही जात."

सत्तावीस वर्षं त्यानं हेच केलं. त्यातून कारध्याला दोन खोल्या बांधल्या. बायकोच्या, बेबीबाईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन केलं. एकुलत्या हर्षाला बी.एस्सी. केलं.

मी एम.ए.ला असताना कॉलेजच्या बक्षिसांचे पेले घेऊन त्याच्याकडे गेलो. चिठ्ठीत माझा एक शब्द चुकला होता. मी तो खोडून पुढे नीट लिहिला. संध्याकाळी पेला हातात घेतला तर त्यावर चुकलेला शब्द होता, आणि त्याच्यावरची खोडल्याची रेघसुद्धा. रेघ सुरेख आली होती.

"भाऊ, तुमाले वाचता येत नाही का?"

छिन्नी थांबली. "हळू बोल, मास्तर. हर्षाले मालूम नाही."

अक्षर त्याच्यासाठी चित्र होतं. चिठ्ठीत जसं दिसेल तसं तो काढायचा. घरी मात्र रोज सकाळी पेपर उघडून बसायचा आणि आदल्या रात्री टीव्हीवर ऐकलेली बातमी हर्षाला सांगायचा. शिक्षण विचारलं की म्हणायचा, दहावी नापास.

"नापास सांगतलं का कोणी सर्टिफिकेट मागत नाही," तो मला म्हणाला.

मी शिकवतो म्हटलं. नको म्हणाला. बाप शिकून राहिला, हे पोरीला कळलं तर मग उरलं काय. तेव्हापासून मी कॉलेजातून येताना ओट्यावर थांबायचो आणि त्याच्या चिठ्ठ्या वाचून द्यायचो. तो चहा पाजायचा.

एकदा शेठच्या गल्ल्यापाशी बसून मी हे बोलून गेलो. कौतुकानं बोललो. न वाचता इतकं वळणदार अक्षर काढणारा माणूस भंडाऱ्यात दुसरा नाही, असं म्हणालो. शेठ फक्त "असं का" म्हणाला.

हर्षाचं लग्न तुमसरच्या भूपेंद्रशी ठरलं. आंदणाची अकरा भांडी खुशालभाऊनं स्वतः निवडली. मजकूर मी लिहून दिला : चि. हर्षा हिला आईबाबांकडून सप्रेम. त्याच दिवशी मी परीक्षेसाठी नागपूरला गेलो.

मागे काय झालं ते नंतर कळलं. "मास्तरच्या कागदावर चहा सांडला, मी उतरवून ठेवला," असं सांगून शेठनं त्याला दुसरी चिठ्ठी दिली. त्यानं आठ दिवस ती अकरा वेळा कोरली. बेबीबाईलाही वाचता येत नव्हतं. भांडी कागदात गुंडाळून त्यानं सुतळी बांधली आणि मांडवात सोडायची म्हणून बजावलं.

मी थेट मांडवात पोचलो. आंदण मांडलं होतं. भूपेंद्रच्या मामानं माईक घेतला, परात उचलली आणि वाचलं :

"हर्षाला, अंगठाबहाद्दर बापाकडून."

लोक हसले. त्यानं गुंड उचलला. तेच होतं. भाताचा गंज उचलला. लोक आणखी हसले. खुशालभाऊ उठून पुढे आला आणि एकेक भांडं फिरवून पाहू लागला, जणू एखाद्यावर तरी वेगळं असेल.

हर्षानं परातीवर बोट फिरवलं. अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मग रोज सकाळी पेपरात काय पाहत होते तुम्ही?"

माईक चालू होता.

खुशालभाऊ मामाला म्हणाला, "एक दिवस भांडे माह्याजवळ ठेवा. घासून देतो."

"राहू द्या, इवाई," मामा व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तेवढीच तुमची आठवण."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. शेठ म्हणाला, "मजाक होती. एवढं मनावर घेते का कोणी? अन् सांगतलं तर तूच होतं."

खुशालभाऊ पुढेही ओट्यावर यायचा. माल उतरवायचा, भांडी पुसायचा. छिन्नी त्यानं पुन्हा धरली नाही. मी चिठ्ठी वाचून देतो म्हटलं तर म्हणाला, "हर्षाची चिठ्ठी तूच लिवली होती ना, मास्तर?" मी हो म्हणालो. मी काय लिहिलं होतं ते त्यानं विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. दोन वर्षांनी दुकानातच, परातींची थप्पी उचलताना तो कोसळला. चौपन्न वर्षांचा होता. पेपरात निधनाची बातमी आली, ती मीच लिहून दिली.

गेल्या महिन्यात कामानं तुमसरला गेलो, तर हर्षाकडे डोकावलो. ती अंगणात नळाखाली परात घासत होती. चिंच लावून, जोरानं. मला पाहून उठली नाही.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "जात नाही."

मी तिला खरी चिठ्ठी सांगितली. शब्दशः. तिनं ऐकून घेतली आणि परात पालथी केली.

आतून तिची सासू सुंदरबाई हाक मारत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. वस्तूचं रोजचं नाव घ्यावं तसं तिनं ते घेतलं.

"हर्षा, तो अंगठाबहाद्दर आन बरं. कनिक भिजवाची आहे."

"आणते, आई," हर्षा म्हणाली, आणि परात पुसून आत घेऊन गेली.