एकुलती एक किडनी

पोहायला शिकवणाऱ्या बाई त्रेसष्टाव्या वर्षीही तलावाच्या काठावरून असा काही आवाज द्यायच्या, की पलीकडच्या टोकाला गटांगळ्या खाणाराही मुकाट्याने पाय मारू लागे. त्यांचा वर्ग मोठ्यांचा. जन्मभर पाण्याला घाबरलेली, पन्नाशी उलटलेली माणसं त्यांच्याकडे येत आणि दोन महिन्यांत तरंगायला लागत.

एके सकाळी ओल्या फरशीवरून बाईंचाच पाय सटकला आणि कुशीत लोखंडी कठडा बसला. बरगडी मोडली असेल म्हणून तपासण्या झाल्या. बरगड्या धड निघाल्या, पण सोनोग्राफीत डाव्या किडनीवर दोन सेंटिमीटरची गाठ दिसली.

"आणि उजवी किडनी?" पडद्यावर शोधत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती माझ्या भावाकडे असते," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. मजेत आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. स्कॅन झाला, सुईने गाठीचा कण काढून तपासला. कॅन्सरच होता, पण लहान आणि जागच्या जागी असलेला.

"गाठ तेवढी दुर्बिणीतून कापून काढता येईल," त्या म्हणाल्या. "किंवा नुसतं लक्ष ठेवता येईल. पण गाठ पाठीच्या बाजूला आहे, सुई सरळ पोचते. तिथल्या तिथे गोठवून मारू. तुमच्याकडे एकच किडनी, तिला जितका कमी धक्का लागेल तितकं बरं."

"पाण्यात कधी उतरू?"

"दोन आठवड्यांनी."

"मग गोठवा."

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. किल्ल्या बनवायचं दुकान अर्ध्यावर बंद करून, हात तसेच काळे घेऊन. दारातच त्याला रडू फुटलं. "ताई, तुझी तू परत घे."

"वापरलेली वस्तू मी परत घेत नाही," बाईंनी त्याला हाताला धरून बसवलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, डॉक्टरीणबाईंनी विचारलं ना, तेव्हा क्षणभर मनात आलं, दोन असत्या तर... मग माझीच मला लाज वाटली."

भावाने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. "माझ्या मनात तर बसमध्ये सबंध रस्ताभर तेच होतं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि बाईंना हसू आवरेना. मनावरचा भार इतका हलका झाला, की त्या रात्रीचं जेवण दोघांनी पोटभर केलं.

ठरल्या दिवशी बाईंना स्कॅनच्या मशीनमध्ये पालथं झोपवलं. गुंगीचं औषध दिलं, पाठीचा एवढासा भाग बधिर केला. विणायच्या सुयांपेक्षाही बारीक अशा दोन सुया आत गेल्या. सुईची जागा बघताना मशीनमधून सूचना येई, "श्वास रोखा." चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेल्या बाई गुंगीतही श्वास असा रोखून धरत, की शेवटी नर्सला ओरडावं लागलं, "बाई, सोडा आता, सोडा!"

सुयांच्या टोकांशी बर्फाचा गोळा धरला. गाठ त्यात पुरती बुडाली. थोडं वितळू दिलं, पुन्हा गोठवलं. दीड तासात सगळं आटोपलं. पाठीवर दोन छोट्या चिकटपट्ट्या, बस्स.

"एवढंच?" भावाने पट्ट्या वाकून बघितल्या. "माझ्या वेळी केवढं मोठं उघडलं होतं!"

"तुझ्यात एक अख्खी बसवायची होती. माझी तर नुसती झाडपूस."

एक दिवस लघवी जराशी लालसर झाली, आठवडाभर पाठ ठसठसली. पण दुसऱ्याच दिवशी त्या घरी होत्या, आणि चौथ्या दिवशी तलावाच्या काठी खुर्ची टाकून वर्गावर ओरडत होत्या. पाण्यात उतरल्या मात्र बरोबर पंधराव्या दिवशी. आधी तलावाच्या दोन फेऱ्या संथ, मग न राहवून आणखी सहा.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गाठीच्या जागी काळा, निर्जीव डाग. किडनीचं काम आधीसारखंच चालू. "वर्षानुवर्षं तपासणीला येत राहायचं हं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"येईन की. पण तुम्हाला पोहता येतं का?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. नाही.

बाईंनी पर्समधून डायरी काढली. "मंगळवार, सकाळी सात. टोपी आणायला विसरू नका."