पूजेतलं हत्यार आणि मोडलेले बोल्ट

पूजेत मांडलेलं हत्यार मी गुपचूप उचललं आणि इंजिनात मोडून बसले. वय अठ्ठेचाळीस, पदवी मेकॅनिकलची, हुद्दा वर्कशॉप मॅनेजरचा. अक्कल तेवढी त्या दिवशी रजेवर होती.

इकडे दक्षिणेत, अंबत्तूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एरवी ट्रक आणि बसगाड्या यायच्या. त्या आठवड्यात आली एक जुनी मोटरहोम. म्हणजे चाकांवरचं घर. आत दोन पलंग, शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मालक योहान आणि ग्रेटा, युरोपातलं निवृत्त शिक्षक जोडपं. राहतं घर विकून जगभर फिरायला निघालेलं. जे काही उरलं होतं ते त्या गाडीतच.

तक्रार अशी, की गाडी चालू केली की आत धूर येतो. ग्रेटाला दोनदा चक्कर आली होती. इंजिनातला तापलेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा जो बिडाचा पाइप, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो इंजिनाला बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. वर्षानुवर्षं तापून, गार होऊन, गंजून हे बोल्ट मोडतात. आम्ही मॅनिफोल्ड उतरवला तर दोन बोल्ट थेट आतच तुटलेले. पान्यानं धरायला बाहेर काही शिल्लकच नाही.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी बंदरात हवी होती. मलेशियाचं जहाज होतं. ते चुकलं तर गाडीच्या कागदांची मुदत संपणार, आणि त्यांचं घर कस्टम्सच्या आवारात अडकणार.

हे कळलं नवमीला. आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. पाने, हातोड्या, ड्रिल, सगळं धुऊन, चंदन-कुंकू लावून ओळीनं मांडतात. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

आमचे मालक हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी घेऊन निघता निघता म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी सेल्वम येईल. वेल्डिंग करून काढेल बोल्ट. आज काही करू नका."

"मी कशाला काय करतेय, सार?"

सार गेटबाहेर पडले, आणि मी पदर खोचला.

मोडक्या बोल्टात ड्रिलनं भोक पाडायचं आणि त्यात इझी-आउट फिरवायचा, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इझी-आउट म्हणजे उलट्या आट्यांचा एक कडक पोलादी दांडा. तो भोकात रुततो आणि बोल्टाला उलटं फिरवत बाहेर काढतो. काढायला हवा. माझ्यानं फिरेना, म्हणून मी हँडलला हातभर पाइप लावला आणि सगळं वजन टाकलं. ते तेव्हाही बरंच होतं.

टक्!

इझी-आउटचं टोक बोल्टात राहिलं. ते इतकं कडक असतं, की आमच्याकडचं कुठलंच ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकलं नसतं. आधी नुसता बोल्ट अडकला होता. आता त्यात मी बूच मारलं होतं.

योहान चहा घेऊन आला. "ऑल वेल, मॅडम?"

"ऑल वेल," मी म्हटलं. त्या माणसाच्या घरात मी पाचर मारली होती, आणि वर त्याचा चहा पीत होते! मग उरलेला दांडा पुसला, त्याला नव्यानं कुंकू लावलं आणि ओळीत परत ठेवला.

दसऱ्याला सकाळी सेल्वम आला. साठीचा वेल्डर, बोलणं मोजकं. आदल्या दिवशी पूजेची ओळ त्यानंच मांडली होती. पूजेसमोर हात जोडले आणि ओळीकडे बघत राहिला.

"अम्मा, यातला एक काल लांब होता."

मी सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. टॉर्च मारून भोकात पाहिलं, वेल्डिंगच्या करंटनं काही जळू नये म्हणून गाडीच्या बॅटरीची वायर काढली आणि म्हणाला, "आधी दुसरा काढतो. तुम्ही बघा."

मोडक्या बोल्टाच्या तोंडावर त्यानं वेल्डिंगचा थेंब थेंब चढवला. त्यावर नट ठेवून तोही आतून वेल्ड केला. झाली की पान्याला धरायला जागा! शिवाय त्या धगीनं बोल्ट फुगतो, मग आकसतो, आणि गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर त्यानं मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत उतरलं. मग पाना. थोडा पुढे, थोडा मागे. बोल्ट बाहेर!

माझ्या बोल्टावरही त्यानं तसाच नट चढवला. पहिला नट तुटला, दुसराही तुटला. योहान आणि ग्रेटा पायरीवर एकमेकांचा हात धरून बसले होते. तिसरा नट गार होत आला तेव्हा सेल्वमनं पाना माझ्या हातात दिला.

"मी? परत?"

"आज विजयादशमी. पोरं आज पहिलं अक्षर काढतात. धरा."

मी जोर लावताच तो ओरडला, "मेदुवा, मेदुवा!" हळू, हळू. पाव आटा पुढे, पाव मागे. वीस मिनिटं तेच. खांदा भरून आला. मग एकदम पाना हलका झाला, आणि बोल्ट माझ्या इझी-आउटच्या टोकासकट तळहातावर पडला. ग्रेटानं मला मिठी मारली. तिच्या पांढऱ्या शर्टावर माझी दहाही काळी बोटं उमटली.

नवे बोल्ट लावून मॅनिफोल्ड बसवला, धूर थांबला, आणि दुसऱ्या दिवशी अकराला गाडी बंदरात पोचली. पुढे वर्कशॉपमध्ये मोडके बोल्ट बरेच आले. मी हातभर पाइप पुन्हा लावला नाही. अडलेल्या बोल्टाला जोर नको असतो, ऊब आणि वेळ हवा असतो. एवढं शिकायला मला पदवीनंतर सव्वीस वर्षं लागली.

सेल्वमनं मात्र मालकांना यातलं अक्षरही सांगितलं नाही. न राहवून मी एकदा विचारलं, का? वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सारून तो म्हणाला:

"माझ्या हातून पहिला इझी-आउट मोडला तेव्हा मालकानं मला त्याच दिवशी हाकललं, अम्मा. मोडलेला काढायचा कसा, हे शिकायला मला पुढे सात वर्षं लागली. तुम्ही एका सकाळीत शिकलात. सांगून काय करू?"