इंजिन कोणी बांधलं?

फोन भाच्याचा होता. "आत्ते, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "गाडी कुठे धडकली?" त्याने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, "गाडी कुठली, आत्ते? जेवून पडले होते, झोपेतच गेले." माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, चांगला म्हातारा होऊन आपल्या खाटेवर गेला, आणि मला मात्र त्याचं मरण जन्मभर रस्त्यावरच दिसत आलं होतं. काही आठवडे उलटले, तरी फोन वाजला की आधी तो रस्ताच डोळ्यांपुढे येतो...

ही भीती उगाच नव्हती. आम्ही तंजावरहून मद्रासला आलेले मराठी. आमच्या बोलीला पुण्याचे लोक हसतात, खुशाल हसोत. बाबा महाबलीपुरमच्या रस्त्यावर बस चालवायचे. नुकतंच खोलून, नव्याने बांधून बसवलेलं इंजिन वाटेतल्या कोवलम गावाच्या अलीकडे चालत्या बसमध्ये जाम झालं, चाकं अडकली आणि बस तळ्यात गेली. उतारू वाचले, बाबा वाचले नाहीत. निघताना डेपोतला फिटर त्यांना म्हणाला होता, "ओन्नुम आगादु." म्हणजे काही होत नाही. ते इंजिन बांधलं कोणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. मग चिंताद्रिपेटच्या एका खोलीत आई अप्पळं, म्हणजे पापड, लाटू लागली, अण्णाने शाळा सोडून गॅरेज धरलं, आणि शिकायचं माझ्या वाट्याला आलं. "काही होत नाही" हे शब्द आमच्या खोलीत बंद झाले, तमिळमध्येही आणि मराठीतही. कोणी चुकून म्हणालं तर आई लाटणं खाली ठेवायची आणि दाराबाहेर बघत बसायची.

पुढे अण्णा एका चेट्टियार शेठांकडे मेकॅनिक झाला. त्यांना विलायती शर्यतीच्या गाडीचा नाद होता. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर तेव्हा शर्यती होत. एकदा सरावातच त्या गाडीचं इंजिन फुटलं. आतला दांडा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी कवच, फोडून बाहेर आला. नवं इंजिन परदेशातून आणायला परवाना मिळेना. शेवटी मोडीत निघालेल्या तसल्याच एका गाडीचं इंजिन मिळालं, पण शर्यतीसाठी ते नव्याने बांधून घ्यायला हवं होतं. चेट्टियार अण्णाला म्हणाले, "बांधणारा तू शोध, आणि या खेपेला चालवायचंही तूच." अण्णा हसत घरी आला. आमच्या घरात गाडी चालवणारा एक माणूस गेला होता, आता दुसरा निघाला होता.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. अण्णाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तो मला बरोबर घेऊन निघाला. आईने विचारलं, "कोठें जाऊंलास रे?" तो म्हणाला, "वैद्य शोधायला."

पहिलं वर्कशॉप माउंट रोडवरचं. फरशी आमच्या ताटांहून स्वच्छ, भिंतीवर विलायती कंपन्यांची प्रमाणपत्रं. मी एकेक वाचून दाखवलं, आणि आजही सांगते, ती खरीच होती. अण्णाने मालकाला विचारलं, "शेवटपर्यंत टिकेल ना?" मालक हसून, धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाला, "ओन्नुम आगादु, तंबी." तेच शब्द ऐकून अण्णा खुर्चीवरून उठला, नमस्कार केला आणि बाहेर पडला. मी धावत मागे गेले. "अरे, बोलायची पद्धत आहे ती." तो तसाच बसथांब्याकडे चालत राहिला.

दुसरा माणूस पेरांबूरचा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला अँग्लो-इंडियन फोरमन. त्याला सगळे दुरै, म्हणजे साहेब, म्हणत. महा तुसडा. आम्हाला बसासुद्धा म्हणाला नाही. अण्णाने तोच प्रश्न विचारल्यावर त्याने मेजावरचा एक तुटका लोखंडी दांडा उचलून पुढे टाकला. "हा माझ्या हातचा. चालवणाऱ्याचा पाय गेला. बोल्ट दुसऱ्यांदा वापरला, म्हणून तुटला. आता जुना बोल्ट वापरत नाही. पटत असेल तर इंजिन आणा, नाहीतर चालते व्हा."

अण्णा म्हणाला, "उद्या आणतो."

एग्मोरपर्यंत मी बसमध्ये त्याच्याशी भांडत होते. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ज्याने एकाचा पाय घालवला, त्याच्याच हाती जीव देतोस?"

"पाय घालवला, असं स्वतःहून सांगतो तो."

"मग? सांगितलं म्हणजे झालं?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबांच्या वेळी कोणी सांगितलं?..." पण माझी भीती तिळभर कमी झाली नाही.

शर्यतीला आई आली नाही. मी गेले. न जाता घरी बसणं त्याहून कठीण होतं. दुरै माझ्या शेजारीच उभा होता. गाड्या सुरूच्या झाडांमागे गेल्या की नुसता आवाज उरायचा, आणि प्रत्येक फेरीला मला वाटायचं, आता तो आवाज थांबणार. मी दुरैला विचारलं, "टिकेल ना?" डोळे मिटूनच तो खेकसला, "गप्प बस, मुली. ऐकतोय मी." तेव्हा मला दिसलं, त्याच्याही हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या. आणि खरं सांगते, त्या दिवशी धीर मिळाला तो एवढाच.

पुढे अण्णाचं स्वतःचं गॅरेज झालं. दुसऱ्याने बांधलेलं इंजिन दुरुस्तीला आलं की तो आधी विचारायचा, कोणी बांधलं? नाव मिळालं नाही तर हात लावायचा नाही. स्वतः बांधलेल्या प्रत्येक इंजिनावर छिन्नीने आपलं नाव कोरायचा, तमिळमध्ये. भाचा आता तेच करतो. परवा गॅरेजात गेले तर तो आपलं नाव कोरत बसला होता.

त्या शर्यतीत अण्णा तिसरा आला. दुरैने बांधलेलं इंजिन पुढे कित्येक मोसम अण्णाच्याच हाती चाललं, आणि ते एकदाही फुटलं नाही.