बोंबलांची जोडी

शेजारी कुणीतरी सुके बोंबील भाजतंय. हा वास आला की मी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसतो, एकोणीस वर्षांचा, मांडीवर कागद घेऊन. मुंबईच्या चित्रशाळेत प्रवेशासाठी चित्रं दाखवायची होती, म्हणून मी दोरीवर वाळणारे बोंबील रेखाटत होतो. आमच्या घरात मासळी वर्ज्य. ती मी लांबूनच पाहिलेली; तेव्हाही दोरीपासून दूरच बसलो होतो.

बोंबील वाळत घालणारी एक कोळीण मागं येऊन उभी राहिली आणि कागद बघून हसली.

"शेपटीनं टांगलेस व्हय? वाऱ्यानं सगळे वाळूत पडतील."

"मग कसे टांगतात, मावशी?"

तिनं दोन ओले, बुळबुळीत बोंबील सरळ माझ्या हातात ठेवले. आई काय म्हणेल, हे मनात येऊन गेलं, पण कुतूहल जास्त होतं.

"एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकव."

बारीक दात बोटांना टोचले. चौथ्या खेपेला जोडी जमली आणि दोरीवर दोन्हीकडं लोंबत डुलू लागली. मी चित्र खोडून पुन्हा काढलं. ती बराच वेळ बघत होती. तिला त्यात काय दिसत होतं, याचं नवल मला आजही वाटतं.

"कुनाला दाखवनार?"

"मुंबईच्या गोऱ्या साहेबांना."

"मंग त्यांना पन आधी अडकवायला लाव."

साहेबांना तसं सांगायची माझी छाती झाली नाही. पण पुढं अलिबागेत चित्रकलेचा मास्तर म्हणून पहिल्यांदा वर्गात शिरलो, तेव्हा माझ्या पिशवीतून मासळीचं पाणी ठिबकत होतं.