दादाचा वेग

धुकं इतकं दाट होतं की कारखान्याचं धुरांडं अर्ध्यातच तुटल्यासारखं दिसत होतं. टिकटिक सगळ्यांच्या आधी येऊन खात्यात टेबलांच्या जागा आखणाऱ्या, जमिनीवरच्या उखडलेल्या पिवळ्या चिकटपट्ट्या बदलत बसला होता. नाव कामगारांनीच दिलेलं. उभी हयात त्यानं घड्याळ हातात धरून लोकांच्या हालचाली मोजल्या. कुठलं पाऊल वाया जातं, ते हुडकून काढलं. पंपजोडणी खात्याची सुधारणा हा त्याचा सगळ्यात मोठा प्रकल्प, आणि त्याच खात्यात त्याचा थोरला भाऊ.

घड्याळवाला आला की कामगार मुद्दाम हात सावकाश चालवतात, म्हणजे माप ढिलं लागतं. टिकटिक ते धरूनच हिशेब करायचा. पण मोजणीच्या दिवशी दादा सुटलाच. मागं साहेब उभे, धाकट्याची शोभा व्हायला नको, म्हणून दुखऱ्या खांद्यानं पंपामागून पंप जोडत राहिला.

"घराला आग लागलीय का रे?" शेजारचा पुटपुटला. "आमच्याही पायावर धोंडा पाडशील."

साहेबांनी तोच वेग सगळ्यांचं माप म्हणून ठरवला. हा रोजचा वेग नव्हे, एवढं टिकटिकनं म्हणायचं होतं. पण पाठीवर साहेबांची थाप पडली होती. त्यानं तोच आकडा तक्त्यावर लिहिला.

पुढं मापाला न पुरणाऱ्यांना काढायचं ठरलं. पहिला दादाच मागं पडला. काल वहिनी दारात येऊन उभी राहिली. "भावजी, घड्याळ तुमचंच ना? मग चुकलं म्हणून सांगा की."

तो साहेबांकडे गेला. सगळं सांगितलं.

"माणसानं एकदा केलं म्हणजे त्याला जमतं," साहेब म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

धुक्यातून दादा आला तो डबा आणि नटबोल्टचे पाने न्यायलाच. उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. पिशवी त्यानं डावीकडे अडकवली.

"दादा, सावकाश करायचं होतंस रे."

"तू समोर असताना?" दादा म्हणाला. मग पिशवीचा बंद सारखा करत, "तुझी बढती झाली का?"

टिकटिकनं मान हलवली. झाली होती.

"मग बरं झालं," म्हणून दादा फाटकाकडे वळला.

दादाचं टेबल कालच हलवलं होतं. टिकटिक पुन्हा उकिडवा बसला. त्या मोकळ्या जागेवरून नवी पट्टी ओढली आणि खालचा हवेचा फुगा अंगठ्यानं दाबत कडेला न्यायला लागला.